हार घातलेला फोटो

इंदूमावशी. हे नाव आधी लिवा, मंग बाकीचं सांगतो. माझं नाव बाळासो, ते टाका खाली कुठंतरी, न्हाई टाकलं तरी चालंल, पण पयली ओळ तिची पायजे. इंदूमावशी, मूळची कराडची, साताऱ्यात सिरियलच्या शूटिंगला कपडेपटावर कामाला हुती, कपडे धुणं, इस्त्री मारणं, कुणी कुठल्या सीनला काय घालायचं ते हँगरला लावून ठेवणं. तिनं मला उभं केलं. काय सांगू तुमाला, ह्येच सांगायची येळ एकदा आली हुती, मोबाईल समोर लावलेला, मुलाखत घेणारी पोरगी इचारत हुती की तुमाला घडवलं कुणी, आन् तवा माझ्या तोंडातनं ह्ये नाव आलं न्हाई. भलतंच आलं. म्हणून आता कुणी काय बी इचारलं की मी आधी तिचं नाव सांगून मोकळा होतो. भ्याव वाटतं, मधीच कुणी थांबवलं तर ऱ्हाऊन जायचं.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पल्याड. गावात द्राक्षाच्या बागा लय हायत, पण त्या दुसऱ्यांच्या, आमी त्यात मजुरीला. आबा आन् आई दोघंबी घड विरळायला जायची, मान वर करून दिसभर काम, घरी आली की दोघांच्याबी माना आखडलेल्या, एकमेकांच्या मानंला तेल लावत बसायची. मी आठवीत शाळा सोडली. परिस्थितीनं सोडली आसं मी सगळ्यांना सांगत आलो, पण खरं तसं न्हाई, तुमाला खरंच सांगतो. मला वाचता येईना. अक्षरं एकेकटी वळखीची हुती, पण ओळीत उभी राह्यली की गर्दी करायची. गुरुजी म्हणायचे, बाळासो, उभा रहा, धडा वाच. मी उभा राहायचो आन् वर्ग हसायला लागायचा, मी तोंड उघडायच्या आधीच हसायचा. एक दिवस आबाच्या मागनं बागंत गेलो ते परत वर्गात गेलो न्हाई. आई म्हणली, तुझं तुला कळंल.

नाटकाचा नाद लागला त्यो गावच्या जत्रंत. आमच्याकडं जत्रंला गावातली बापय माणसं नाटक बसवत्यात, बायकांच्या कामाला नट्या सांगलीवरनं येत्यात, स्टेज, पडदं सगळं भाड्यानं. मला हवालदाराचं काम मिळालं. त्यात एक बरं हुतं बघा, विंगंत एक माणूस वही घिऊन बसायचा आन् हळू आवाजात वाक्य सांगायचा, आपण आयकायचं आन् मोठ्यानं बोलायचं. वाचायची भानगडच न्हाई. मी दोनदा आयकलं की माझं पाठ. सगळ्यांची पाठ. नायक अडला तर हवालदारच त्याला वाक्य सांगतोय आसं झालं, लोक लय हसली, पण ते हसणं शाळेतल्यासारखं नव्हतं.

मंग मी साताऱ्याला आलो. का आलो तर तिकडं सिरियलचं शूटिंग चालतंय आसं आयकलं हुतं. हायवेवरच्या हाटेलात भांडी घासायला राह्यलो, त्या हाटेलातनं शूटिंगवाल्यांना जेवण जायचं, त्ये पोचवायला मी जायचो. डबं पोचवायचं आन् उगंच घुटमळत राहायचं. एक दिवस शंकरतात्या म्हणून सेटवरचा सुतार हाय, त्यो म्हणला, ये मिशीवाल्या, हिकडं ये. नायिकेचा मेलेला बाप पायजे हुता. म्हंजी बाप न्हाई, बापाचा फोटो. ज्याचा ठरलेला त्यो आला नव्हता. मला फेटा बांधला, केसावर पांढरं मारलं, फोटो काढला, फ्रेम केली, चंदनाच्या सालीचा हार घातला आन् दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला. झालं माझं पयलं काम.

आता माझी चूक बघा. मी गावाला फोन करून सांगितलं की मी सिरियलमदी हाय, नायिकेचा बाप हाय. खोटं न्हाई, पण खरंबी न्हाई. माझा दोस्त सुऱ्या, त्यानं यष्टी स्टँडवर फ्लेक्स लावला, आमच्या गावचा लेक आता छोट्या पडद्यावर, खाली समस्त मित्रपरिवार. दिवेलागणीला सगळी गल्ली सुऱ्याच्या घरात जमली, आईला पुढं सतरंजीवर बसवलं. आन् मी आलो. भिंतीवर आलो. हार घातलेला. नायिका हात जोडून रडती, बाबा तुमी आज असता तर. सुऱ्या नंतर सांगत हुता, पयल्यांदा कुणाला कायच कळंना, मंग पाठीमागनं एकजण म्हणला, आरं ह्यो तर गेलाय की. आन् आईनं जी किंकाळी फोडली.

तिचा फोन आला तवा मी कपडेपटाच्या खोलीत डबा ठिवत हुतो. आई रडत हुती, जित्या लेकराला हार घालत्यात व्हय रं, काढ त्यो, आत्ताच्या आत्ता काढ. मी म्हणलं, आये, त्ये नाटक हाय, मला कसा काढता येईल, सेट त्यांचा हाय. इस्त्री मारणाऱ्या बाईनं माझ्या हातातनं मोबाईल घेतला. तोवर मी तिला नीट वळखतबी नव्हतो. ती म्हणली, आवं आक्का, मी इंदू बोलती, हितं कपड्याला आसती. रडू नगा. शूटिंगपुरता हार ऱ्हाऊ द्या, बाकीचं मी बघती. शब्द देती तुमाला. आई गप झाली. मी तवा इचारलंबी न्हाई की बाकीचं म्हंजी काय. बाईमाणसं एकमेकींना समजावत्यात तसं समजावलं आसंल, आसं मला वाटलं.

पुढं मला बारकी कामं मिळाय लागली. त्या सिरियलमदी न्हाई, तिथं तर मी मेलेलो, भिंतीवरचा माणूस दारातनं आत कसा येणार. पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिरियली हुत्या, कपडेपट सगळ्यांना मिळून एकच, त्यात पोस्टमन, ट्रॅक्टरवाला, हवालदार. आता अडचण आशी की हितं विंगंत कुणी सांगणारा न्हाई. आयत्या येळेला सीनचा कागद हातात देत्यात, वाच म्हणत्यात आन् धा मिन्टात कॅमेरा. मी कागद घिऊन कोपऱ्यात उभा राहायचो, कपाळाला आठ्या घालून, वाचतोय आसं दाखवत. कुणाला कळलं न्हाई. मावशीला कळलं. इस्त्री मारता मारता म्हणली, बाळासो, डोळं हलंनात तुझं. मी म्हणलं, काय? ती म्हणली, वाचणाऱ्याचं डोळं हलत्यात. आण हिकडं कागद.

मला जमिनीनं फाटून आत घ्यावं आसं झालं. पण ती हसली न्हाई, कुणाला सांगितलं न्हाई. एका हातात इस्त्री, कागद टेबलावर, आन् वाचायला लागली. शर्टाची बाही झाली की थांबायची, कॉलर उलटायची, मंग पुढचं वाक्य. मी दोनदा आयकायचो आन् माझं पाठ. गंमत सांगतो, तिची इस्त्री जिथं थांबायची तिथंच मीबी थांबायचो, मला वाटायचं वाक्यच तसं हाय. एकदा दिग्दर्शक म्हणला, ह्यो हवालदार थांबतो काय सुंदर, कुठं शिकला रे? मी नुसता हसलो. कॉलर उलटायला जेवढा येळ लागतो तेवढा मी थांबायचो, एवढंच. दोन वर्सं आसं चाललं.

मंग ह्ये ब्रँडचं आलं. तुमी म्हणाल, तुझ्यासारख्याचा कसला ब्रँड. पण आमच्यातला एक पोरगा हाय नितीन, चांगला नट हाय, त्यो म्हणला, बाळादा, नुस्तं काम करून चालत न्हाई आता, दिसाय लागतंय, तुझं पेज कुठाय, तुझी वळख काय. काम द्यायच्या आधी आता मोबाईलवर व्हिडिओ मागत्यात, नाव सांगा, वय सांगा, डावीकडं वळा, उजवीकडं वळा, हाताचे पंजे दाखवा. चौकीत नेल्यासारखं. त्ये मी करत हुतो, पण नितीन म्हणला तेवढ्यानं भागत न्हाई. साताऱ्यात एक सर आले हुते शिकवायला, नटानं स्वतःला लोकांपुढं कसं मांडायचं, त्याची दोन दिसांची शिकवणी. आमी दोघं गेलो. सरांनी एकेकाला उभं केलं, तू कोण आहेस ते एका वाक्यात सांग. मी उभा राह्यलो आन् पुन्हा आठवीच्या वर्गात असल्यागत झालं. तोंडातनं निघालं, मी मेलेला बाप हाय. सगळ्यांना हसू फुटलं.

सर वाईट नव्हते, त्यांच्यावर ढकलत न्हाई मी. ते म्हणले, लोकांना नट नको आसतो, गोष्ट हवी आसते. तुझ्याकडं माती आहे, गरिबी आहे, ती दाखव. मंग नितीननं माझ्या रीली काढल्या, उसाच्या फडात उभा, खांद्यावर खोरं, वर लिवलं मातीतला नट. सुऱ्यानं खाली लिवलं, गड्या, तुझ्या रानात ऊस कवापास्नं? आपल्याकडं प्यायला पाणी न्हाई. नितीननं वाचून दाखवलं आन् मी त्ये पुसायला लावलं. तितनंच खोटं सुरू झालं बघा, दुसऱ्याच्या उसात उभा राह्यलो तितनं. सर आनिक एक म्हणले हुते, गोष्टीत तू एकटा पायजेस. आन् तुला हिणवणारा कुणीतरी पायजे, त्याशिवाय जिद्द दिसत न्हाई.

हिणवणारा कुठनं आणायचा. शाळेतली पोरं हसली हुती, पण त्ये सांगायचं तर वाचता येत न्हाई त्ये सांगावं लागंल. आन् तेवढ्यात कराडच्या एका मोबाईल चॅनेलवाल्यांनी मुलाखतीला बोलावलं. ती पोरगी चांगली बोलत हुती, दादा, दादा करत हुती. इचारलं, तुमाला घडवलं कुणी? मी म्हणलं, कुणी न्हाई. एकटा. रस्त्याच्या दिव्याखाली बसून सीन वाचून काढलं. ती म्हणली, कुणी नावं ठेवली नाहीत का? आन् मी म्हणलं, सेटवर एक इस्त्रीवाली बाई हुती, ती म्हणायची, आरशात तोंड बघ, तू काय नट व्हणार, जा भांडी घास. आन् तिथं मी थांबलो. डोळ्यात पाणी आलं आन् थांबलो. कॉलर उलटायला लागतो तेवढाच. त्या पोरीच्याबी डोळ्यात पाणी आलं.

ह्ये मी कुणाला सांगितलं न्हाई आजवर, तुमालाच सांगतोय. माझी जीभ झडली कशी न्हाई. मला तवा वाटलं, नाव कुठं घेतलंय आपण, एक बाई म्हणलं, बाया काय थोड्या हायत.

त्यो व्हिडिओ लय चालला. गावात पुन्हा फ्लेक्स लागला. खाली लोक लिवायची, दादा सलाम, त्या बाईला आता तुझे कपडे धुवायला ठेव. नितीन मला त्ये वाचून दाखवायचा आन् हसायचा, त्याला म्हाईत नव्हतं. पण सेटवर म्हाईत हुतं. आमच्या सेटवर इस्त्रीवाली बाई एकच हुती.

दुसऱ्या दिवशी मी कपडेपटात गेलो, जावंच लागलं, वर्दी तिच्याकडंच. ती इस्त्री मारत हुती, मोबाईल टेबलावर. माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणली, व्हिडिओ बघितला तुझा. कॉलर उलटली. म्हणली, चांगलं बोललास. थांबलास बरोबर. मंग हात पुढं केला, कागद आलाय का, आण, वाचती. आन् वाचला तिनं. त्या दिवशीबी वाचला. मी उभा राहून आयकला आन् पाठ केला, माफ कर एवढं म्हणायचंबी मला सुचलं न्हाई. सुचलं न्हाई न्हाई, धीर झाला न्हाई. वाटलं आता काय न बोलता मिटतंय तर मिटू दे.

पण पोरं थांबतात व्हय. मेकअपच्या पोरी म्हणायच्या, मावशी, मला पण हिणवा की, मी पण फेमस व्हईन. कुणी चहा घेताना म्हणायचं, मावशी, आज कुणाचं तोंड आरशात बघायचंय? ती पयल्यांदा हसण्यावारी न्यायची. आठ-धा दिसांनी मी गेलो तर टेबलावर दुसराच माणूस. मावशी कुठाय? गेली, लेकीकडं कराडला, म्हणली डोळं दुखत्यात, आता हुत न्हाई.

आन् मला त्या व्हिडिओवर काम मिळालं. मोठं. दुसऱ्या सिरियलमदी फौजदार, रोजची वाक्यं, रोजचा कागद. पयल्याच दिवशी दोन पानं हातात दिली. मी नव्या इस्त्रीवाल्याकडं बघितलं, त्यो कानात वायर घालून बसलेला. नितीनला म्हणलं, वाचून दाखव की रं, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. कॅमेऱ्यापुढं उभा राह्यलो. एक वाक्य आलं, दुसरं आलंच न्हाई. पुन्हा. पुन्हा. दिग्दर्शक उठून आला, कागद माझ्यापुढं धरला, म्हणला हे वाच बरं मोठ्यानं. सगळा सेट बघतोय. मी वाचाय लागलो, अक्षरं गर्दी कराय लागली. तिसऱ्या शब्दाला त्यो म्हणला, आरं, दिव्याखाली वाचणारा तूच ना? आन् हसले सगळे. तेच हसणं. वीस वर्सांनी पुन्हा तेच. फौजदाराचा मुका हवालदार झाला, नुस्तं मागं उभं राहायचं.

लाजंनं तिथं थांबवंना, तर सकाळी सकाळी जुन्या सेटवर जाऊन बसलो, कोण यायच्या आधी. दिवाणखान्यात मी भिंतीवर. हार घातलेला, काचंवर धूळ. शंकरतात्या दार रंगवत हुता. म्हणला, बघतोस काय, आता त्यो हार काढायचं कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय, रातंदीस तसाच. मी म्हणलं, म्हंजी? तात्या म्हणला, तुला म्हाईत न्हाई व्हय? मावशी रोज पॅकअप झालं की यायची, हार काढायची, खिळ्याला अडकवायची, काच पदरानं पुसायची आन् सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा घालायची, न्हाईतर शूटिंगला हार दिसला न्हाई म्हणून माझ्यावर वरडा बसला आसता. मी एकदा इचारलं, कशाला गं ही उठाठेव? तर म्हणली, ह्याच्या आईला शब्द दिलाय. जितं माणूस हाय, कामापुरतं मेलं तेवढं बास.

दोन वर्सं. रोज. ज्या दिवशी मी ती मुलाखत दिली, त्या दिवशीबी काढला आसंल. व्हिडिओ बघितल्यावरबी आठ-धा दिस काढला आसंल.

मी तसाच कराडची यष्टी धरली. लेकीच्या दारात बसली हुती, डोळ्याला हिरवी पट्टी, मोतीबिंदू काढलेला एका डोळ्याचा. मी पायावर डोकं ठेवलं. ती म्हणली, कोण? मी म्हणलं, बाळासो. ती म्हणली, ऊठ, उन्हात बसू नगंस, आत सर. लेक मातूर दारातनं हलली न्हाई, म्हणली, ह्योच का त्यो, आई, चहा करू का ह्याचा, का भांडी घासायला लावू? मावशी म्हणली, गप गं. मी म्हणलं, मावशी, मी पुन्हा व्हिडिओ करतो, तुझं नाव घेतो, फोटो लावतो, सगळं खरं खरं सांगतो, रडून सांगतो. तशी ती हसली. म्हणली, नगं रं बाबा. तीबी तुझीच जाहिरात व्हईल. बघा, केवढा मोठा मनाचा माणूस, चूक कबूल केली, आसं लिवतील खाली. माझ्या नावानं दोनदा मोठा व्हणार व्हय तू?

मंग तिनं इचारलं, हार कोण काढतंय? मी म्हणलं, आता मी काढीन, रोज जाईन. ती म्हणली, येडा का खुळा, आपला आपण काढत न्हाईत. शंकरतात्याला सांगून आली हुती मी, इसरला वाटतं मेला. त्याला सांग, इंदूनं सांगितलंय म्हणून.

माफ केलं आसं ती म्हणली न्हाई. मीबी इचारलं न्हाई. निघताना एवढंच म्हणलो, मावशी, कुणी कागदावर लिवून घेतलं तर सांगू का तुझं नाव? ती म्हणली, कागदावर चालंल. पण आधी तुला वाचता येऊ दे, न्हाईतर काय लिवलंय ते तुलाच कळायचं न्हाई.

आता तात्या रोज हार काढतोय, आईला मी फोनवर सांगतो, काढला गं आये. माझं पेज बंद केलं, पण त्यो व्हिडिओ चॅनेलवाल्यांकडं हाय, त्यांना दोनदा फोन करून सांगितलं, काढा म्हणून, ते म्हणले, दादा, आजूनबी चालतोय. बाजारात कुणी वळखलं, म्हणलं तुमीच ना ते एकट्यानं झालेले, की मी मान खाली घालून सरकतो. काम नुस्तं उभं राहायचं हाय, ते करतो. आन् सकाळी तात्यापुढं पेपर वाचतो, मोठ्यानं, बोट ठिवून. तात्या दार रंगवतो, चुकलो की ब्रश थांबवतो. काल अर्धा कॉलम झाला. हसत न्हाई त्यो.

म्हणून तुमाला हात जोडून सांगतो, मोठी अक्षरं ठेवा आन् ह्ये छापून आलं की मला एक प्रत द्या. मी ती घिऊन कराडला जाणार. तिला आता बारीक अक्षर दिसत न्हाई, दुसऱ्या डोळ्याचं आप्रेशन आजून ऱ्हायलंय. मी दारात बसून वाचणार, त्यो खोटा बोललेला भागबी वाचणार, तिच्या लेकीपुढं वाचणार, आन् कुणाला मोबाईल लावू देणार न्हाई. आज जमत न्हाई मला एवढं, घाम फुटतो. पण मावशी, तू मला दोन वर्सं जेवढं वाचून दाखवलंस, तेवढं सगळं मी तुला एक दिवस वाचून दाखवीन. ह्याची पयली ओळ तर मला आत्ताच येती.